रोप अजून लावणीला आलं नाही

बाई, तुझ्या दशक्रियेला लोक हसले. घाटावर, भर मांडवात, चांगले खळखळून हसले. आणि त्यांना हसवलं मी. हे आधीच सांगून टाकते, कारण नानाकाका अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, आणि ही बातमी तुला दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. पाहुणे पांगले. घरात माणसं कमी आणि लोकांची परत द्यायची पातेली जास्त, अशी अवस्था आहे. सगळी वारूळवाडी तुला बाई म्हणायची, म्हणून पोटची पोर असून मीही बाईच म्हणत आले. आता अंगणातून कुणी हाक मारली की तू ओ देशील म्हणून मी क्षणभर थांबते. मग मीच जाते.

तुला शेवटची आंघोळ घातली तेव्हा तुझी बोटं स्वच्छ दिसली. टोमॅटोच्या पानांचा तो हिरवट काळा डाग, जो दगडानं घासला तरी जायचा नाही, तो दवाखान्यातल्या आठ दिवसांत कुठल्या कुठे निघून गेला होता. त्या डागाविना मला तुझे हात ओळखूच येईनात. तेव्हा मी रडले. नंतर फारशी रडले नाही, कारण मला तुझा राग येत होता. आपलं भांडण अर्ध्यात टाकून तू निघून गेलीस.

भांडण साधंच होतं. सुखी कोण, तुझी पिढी की माझी? मी म्हणायची, बाई, तुम्ही चुलीपुढं डोळे फोडलेत, विहिरीवरून पाणी ओढलंत, शाळा सोडून लग्नाला उभ्या राहिलात. आमच्याकडे गॅस आहे, नळ आहे, शिक्षण आहे, मनासारखं जगायची सोय आहे. तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "सोय हाय गं. पर माणसं कुठं हायेत? माझ्या येका हाकंला चाळीस बाया रानात उभ्या ऱ्हात्यात. तुझ्या हाकंला कोण येतंय, सांग की." मग मी चिडायची, आणि मी चिडले की तू खुशीत यायचीस.

चाळीस बायांची बढाई खोटी नव्हती. नव्वद सालानंतर आपल्याकडे जिकडंतिकडं टोमॅटो झाला आणि तुझ्या हाताला भाव आला. रोपं उगवायला गादीवाफा करावा तर तू. माती मऊ भुरभुरीत, चाळलेलं खत, बोटानं ओढलेल्या रेघा, त्यात बी, वर वाळल्या गवताचं पांघरूण आणि झारीनं पाणी. तू टाकलेला वाफा उगवला नाही असं कधी झालं नाही. ओतूरपासून मंचरपर्यंत माणसं तुला न्यायला यायची. तू मोटरसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून, पदर खोचून, एखाद्या मोठ्या डॉक्टरच्या थाटात निघायचीस. पैसा कधी घेतला नाहीस. एक नारळ घ्यायचा आणि सावड ठरवायची, म्हणजे आज मी तुमच्या वाफ्याला, उद्या तुमच्या घरची बाई माझ्या लावणीला. आणि बियाणाची पहिली चिमूट त्या घरच्या पोरीच्या हातून टाकून घ्यायचीस, मग ती पाच वर्षांची असो की सासरहून माहेरपणाला आलेली.

रोप तयार झालं की नाही, हेही तूच सांगायचीस. एक रोप अलगद उचलायचं, मुळीची माती झटकायची आणि उन्हाकडे धरायचं. मुळी पांढरीशुभ्र असली तर लावा. नसली तर थांबा. भलेभले बागायतदार सरी पाडून, पाणी सोडून बसलेले असायचे आणि तू म्हणायचीस, "अजून न्हाई आलं." मग ते मुकाट्यानं मोटर बंद करायचे. तुझ्या या शब्दाला केवढी ताकद आहे हे मला त्या रविवारी कळलं.

मी बारावी पास झाले होते. पुढे शेतीची पदविका करायची, कॉलेजात अर्ज गेला होता. तेवढ्यात नानाकाकांनी मंचरचं स्थळ आणलं. सगळेच ज्यांना मामा म्हणतात त्या दौलतमामांचा मुलगा, कांदा-बटाट्याच्या व्यापारात, घर भरलेलं, नाव ठेवायला जागा नाही. आबा, म्हणजे माझे वडील, नेहमीप्रमाणे भावाच्या शब्दाबाहेर नाहीत. नानाकाकांनी तर मनातल्या मनात पत्रिकाही छापली होती. पोहे झाले, चहा झाला, नाव-गाव-शिक्षण विचारून झालं. मी पाटावर बसून पायाच्या अंगठ्याकडे बघत होते आणि डोळ्यांतलं पाणी चहाच्या वाफेवर ढकलत होते. दौलतमामा म्हणाले, "मुलगी पसंत हाय. बाई, तुमी काय म्हणताय?"

उगीच विचारायचं म्हणून विचारलं होतं. बायकांनी अशा वेळी "तुमी म्हणाल तसं" म्हणायचं असतं. तू दारात उभी होतीस, हाताला माती. तू माझ्याकडे बघितलंस, वाफ्याकडे बघायचीस तशीच, डोळे बारीक करून. आणि म्हणालीस, "मामा, रोप अजून लावणीला आलेलं न्हाई."

नानाकाकांना ठसका लागला. दौलतमामांनी मात्र कपबशी खाली ठेवली. त्यांचे चार हंगामांचे वाफे तूच टाकले होतेस. ते उठले. "बाईंनी न्हाई म्हणलं तर न्हाई. घाई केली तर आपलंच नुकसान." एवढं बोलून टोपी सावरत गेले, बाई! जातीनं, घरानं, पत्रिकेनं जे मोडलं नसतं, ते तू एका वाक्यात मोडलंस, आणि त्यात कुणाचा अपमानसुद्धा झाला नाही. नानाकाका आठ दिवस घरात जेवले नाहीत. तू त्यांचं ताट रोज वाढून ठेवलंस आणि रोज उचललंस, चेहऱ्यावरची रेषही हलू न देता.

मी कॉलेजात गेले. तिथून पुण्यात एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात. आणि एक प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळत राहिला. तुझं एवढं सुखाचं होतं, तुझी चाळीस माणसं, तुझा मान, तर तेच आयुष्य मला का नाही दिलंस? अठराव्या वर्षी मलाही का नाही उजवून टाकलंस? तोंडानं तू कायम तुझ्या पिढीची बाजू घेतलीस आणि हातानं माझी. मी एकदा एसटीडी बूथवरून फोन करून विचारलंही होतं. तू म्हणालीस, "मीटर पळतंय, ठिव."

दादाच्या फ्लॅटवर तू गेली होतीस, आठवतं? चाकणला त्याची शिफ्ट, भोसरीला घर. आठ दिवस राहायचं म्हणून गेलीस आणि तिसऱ्या दिवशी एसटीनं परत. "समोरच्या दारात बाई ऱ्हाती का बाप्या, तीन दिवसांत कळलं न्हाई मला. मी दार वाजवून विचारलं तर तुझा दादाच माझ्यावर वराडला." हा तुझा हुकमाचा एक्का होता. नंतर प्रत्येक भांडणात तो पडायचा.

पुण्यात मी पाच वर्षं काढली आणि सांगते, तुझं पूर्ण खोटं नव्हतं. खोलीवर येऊन कुलूप उघडलं की मीही कधी कधी नुसत्या आवाजासाठी रेडिओ लावायची. पण परत आले ती हरून नाही. मला रोपवाटिका काढायची होती. शेडनेटची, ट्रेमधली. हिरव्या जाळीखाली काळे ट्रे, ट्रेला शंभरेक कप्पे, कप्प्यात नारळाच्या काथ्याचा भुसा आणि एका कप्प्यात एक बी. तू पहिल्यांदा शेडमध्ये आलीस, कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. "ही काय गं? फ्लॅट सिस्टीम?"

मी हसले नाही. हसायला हवं होतं. हसत हसत एका कप्प्यात एकच बी का, हे समजावलं असतं तर पुढचा प्रसंग टळला असता.

मी पुण्याला आणखी ट्रे आणायला गेले होते. तुला सांगितलं होतं, बी टाकायचं थांब, मी आल्यावर करू. पण हात शिवशिवले तुझे. दोन दिवसांत तू अख्खी पहिली खेप टाकून मोकळी झालीस, मला बरं वाटावं म्हणून. पाचव्या-सहाव्या दिवशी कोंब वर आले आणि मी बघतच राहिले. एकेका कप्प्यातून दोन दोन, तीन तीन माना बाहेर. एवढं महागाचं बियाणं, आणि तू वाफ्यात टाकावं तसं चिमटीनं सोडलेलं! मी तुझ्यावर ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओरडले. तू गोंधळून म्हणालीस, "येकटं कसं वाढंल गं? करमंल का त्याला?"

मी शेडबाहेर जाऊन रडत बसले. तू रिकामे ट्रे ओढलेस, पाट घेतलास, आणि एक काडी घेऊन जास्तीचा एकेक कोंब मुळीसकट उचलून दुसऱ्या कप्प्यात बसवायला लागलीस. तीन दिवस. केसाएवढी मुळी, तुझी ती राठ बोटं, आणि एक कोंब दगावला नाही. माझी पहिली खेप ठरल्यापेक्षा दुप्पट निघाली. आजही मी नवीन बायकांना शिकवताना हे सांगते आणि त्यांना वाटतं मी वाढवून सांगतेय.

मग आपल्याच रानात लावणी झाली. अर्ध्या रानात तुझं वाफ्यातलं रोप, अर्ध्यात माझं ट्रेमधलं. तुझी पैज होती, माझी कॉलर ताठ होती. वाफ्यातलं रोप उपटावं लागतं. कितीही भिजवून काढलं तरी मुळी तुटतेच, आणि लावल्यावर ते मान टाकतं, चार-आठ दिवसांनी जीव धरतं. ट्रेमधलं रोप आपल्या मातीसकट निघतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रानात गेले तर तू माझ्या आधीच बांधावर उभी. तुझ्या बाजूची रोपं माना टाकून झोपलेली. माझ्या बाजूची ताठ, जणू काही झालंच नाही. तू वाकून माझं एक रोप हलवून बघितलंस.

"लबाड हाय तुझं रोप," तू म्हणालीस. "न रडताच सासरी नांदलं."

आणि मग तू ते सांगितलंस, जे कधीच सांगितलं नव्हतंस. सातवीची परीक्षा तोंडावर होती. शाळेतून तुला घरी बोलावलं, पाटी दप्तर तिथंच, आणि चौथ्या दिवशी तू वारूळवाडीत होतीस. "मला उपटूनच आणली व्हती, सुमे. वरीसभर मान वर न्हाई केली म्या. येका बाईला सुदिक वळखत नव्हते." मी विचारलं, मग ही चाळीस माणसं? "ती मिळाली व्हय? केली म्या. येकेक वाफा टाकून केली." सूर्य चांगला वर आला होता. तू पदरानं तोंड पुसलंस आणि माझ्या रोपांकडे हात केलास. "तुझं बरं हाय. माझ्यापरीस बरं हाय. झालं समाधान?"

झालं, बाई. इतकं झालं की माझं डोकंच फिरलं.

त्यानंतर पाचेक वर्षांनी नारायणगावात महिला मेळावा झाला आणि माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. तू पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात. मी माईक घेतला आणि बोलले. माझी आई अशी, माझी आई तशी, तिला शिकता आलं नाही, तिनं आयुष्यभर राबराब राबून हाडांची काडं केली, तिच्या वाट्याला काहीच आलं नाही, आज आमच्या पिढीला सगळं मिळालंय. बायकांनी डोळे पुसले. टाळ्या पडल्या. मला वाटलं, तुझं ऋण मान्य केलं.

दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये झारी भरता भरता म्हणालीस, "तुझं बरं हाय म्हणले. माझं वाईट व्हतं, असं कवा म्हणले?" मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य आलं. "मी जिंकले व्हते गं. चारचौघांत बिचारी केलीस मला."

तेव्हाच पाय धरायला हवे होते. मी चहा करून आणला. तू चहा प्यालीस, आणि आपण रोपांवर आलेल्या नागअळीबद्दल बोललो. असं आपण दोन वर्षं बोलत राहिलो, नागअळी, पाऊस, दादाच्या पोराचं बारसं. ते एक सोडून सगळं. मधेच मी लग्न ठरवून आले, इथल्याच हायस्कूलमधला मास्तर, आणि तुला म्हटलं, बाई, रोप आलं का बघ लावणीला. तर तू त्याला अंगणात उभं करून वरपासून खालपर्यंत न्याहाळलंस आणि मला म्हणालीस, "तुझी मुळी पांढरी हाय, पर ह्येची जमीन कशी हाय ते बघाया पायजे." बिचारा अजून ते आठवून कपाळाचा घाम पुसतो. एवढं हसलो आपण. त्या हसण्यातसुद्धा माफी मागायची राहूनच गेली.

आता घाटावरचं सांगते. मीना नदीच्या काठी मांडव, माईक, आणि श्रद्धांजलीला नेहमीची रांग. सोसायटीचे चेअरमन उठले, माजी सरपंच उठले, आणखी दोघं-तिघं. सगळ्यांचं एकच. "बाईंनी काबाडकष्ट केले, हालअपेष्टा सोसल्या, बिचाऱ्यांना सुख म्हणून लाभलं न्हाई." दुसऱ्यांदा बिचारी ऐकलं आणि माझे कान तापले. कारण ते माझंच भाषण होतं, बाई. माझ्याच तोंडचं त्यांनी उचललं होतं. बायकांच्या बाजूनं उठून मी सरळ माईककडे चालायला लागले. नानाकाकांनी हातानं "बस, बस" केलं. घाटावर बाईमाणूस बोलत नाही. मी माईक धरला.

मी म्हटलं, "माझ्या आईला बिचारी म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं, ते चुकलं होतं. इथं सगळ्यांसमोर मागं घेते. तिला उपटून आणून इथं लावली होती आणि तिनं स्वतः मुळं धरली. आज मी तिच्यापेक्षा बरी आहे, सुखात आहे, हे खरं. पण मला मातीसकट लावायचं हे तिनं ठरवलं. ठरवलं कधी, तर या दौलतमामांच्या समोर, माझ्या पोह्यांच्या कार्यक्रमात." आणि मी सगळा किस्सा सांगितला. तुझं वाक्य तुझ्याच आवाजात म्हटलं, डोळे बारीक करून. कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसू दाबायच्या नादात आणखी चौघं.

दौलतमामा खुर्चीतून उठले. आता काठी लागते त्यांना. "खरं हाय," ते म्हणाले. "म्या घरी गेलो, मंडळींनी इचारलं काय झालं, तर म्हणलं बाईंनी रोप दिलं न्हाई."

कुणीतरी मागून ओरडलं, "मग काय केलं मामा?"

"काय करायचं? दुसऱ्या वाफ्यावनं आणलं!"

मग कोण थांबतंय. मांडव हसला. मामांची सून बायकांत बसली होती, तीच पदर तोंडात धरून सगळ्यांत जास्त हसत होती. हसू ओसरल्यावर मामा म्हणाले, "पर रोपाच्या बाबतीत बाई कवाच चुकल्या न्हाईत." आणि त्यांनी डोळे पुसले.

मला राहवेना. मी विचारलं, ज्यांच्या घरचा वाफा बाईनं टाकला, त्यांनी हात वर करा. आधी एक म्हातारी. मग दोन. मग ओतूरकडच्या बायांची अख्खी रांग. मग मागे उभ्या असलेल्या सुना, माहेरी आलेल्या लेकी, ज्यांच्या हातून तू पहिली चिमूट टाकून घेतली होतीस त्या पोरी. टोमॅटोचा हंगाम चालू आहे, बाई. वर आलेल्या प्रत्येक हाताच्या बोटांवर तो डाग होता, हिरवट काळा, घासून न जाणारा. तुझ्या हातावरचा गेला म्हणून मी रडले होते. तो गेला नव्हता. चाळीस नव्हते ते हात. मी मोजले नाहीत, पण तू फार कमी सांगत होतीस.

शेवटी पिंडाला कावळा शिवायची वेळ आली. सगळे नदीकडे तोंड करून उभे. मी मनाशी गृहीत धरलं होतं, की तू अडून बसशील, आणि मग मी पुढं होऊन तुझी नीट माफी मागेन, फक्त तुझी, माईकशिवाय. मी हात जोडले. तोंड उघडलं. आणि कावळा सरळ आला, घास उचलला आणि पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसला. "बाईंचं काय मागं राहिलंच न्हाई," लोक म्हणाले. मी तोंड उघडं ठेवून उभी. आयुष्यभर मला शेवटचं बोलू दिलं नाहीस, तिथंही नाहीच.

म्हणून हे लिहिलं. आज सकाळी ओतूरची खेप निघायची होती. गाडी दारात, पोरी ट्रे भरायला थांबलेल्या, कुणी काही उचलेना. मला कळेना काय झालं. मग लक्षात आलं, तू बघायचीस तसं मी बघायची त्या वाट बघत होत्या. मी एक रोप अलगद काढलं, भुसा झटकला आणि उन्हाकडे धरलं.

मुळी पांढरी आहे, बाई. रोप लावणीला आलं.